पडद्यावर ईसीजी दिसला म्हणजे प्रकल्प झाला का? बायोमेडिकल इंजिनीअरिंगमधल्या प्रकल्पाधारित शिक्षणाची आखणी

प्रश्न: बायोमेडिकल इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला एका सेमिस्टरचा प्रकल्पाधारित विषय सुरू करायचा आहे. आतापर्यंतचा अनुभव असा, की मुलं तयार मॉड्यूल जोडतात आणि पडद्यावर ईसीजीची रेघ हलली की प्रकल्प संपला असं धरतात. विषय कसे निवडावेत, सेमिस्टर कसं आखावं, आणि गुण कशाला द्यावेत?

उत्तर:

मुलं मॉड्यूल जोडून थांबतात, कारण प्रकल्पाचं शीर्षक त्यांच्याकडून तेवढंच मागतं. 'ईसीजी यंत्र तयार करा' या वाक्यात एकही आकडा नाही. रेघ हलली, यंत्र तयार झालं. त्यांचं म्हणणं खोटं कसं ठरवणार? हेच काम असं मांडून बघा: 'सिम्युलेटरवर (कृत्रिम ईसीजी देणाऱ्या यंत्रावर) ४० ते १८० ठोके प्रतिमिनिट या टप्प्यात हृदयगतीतली चूक २ ठोक्यांपेक्षा जास्त नसावी, इलेक्ट्रोड सुटल्यावर ५ सेकंदांत इशारा मिळावा, आणि ३०० मिलिव्होल्टचा डीसी ऑफसेट (सिग्नलवर चढणारा स्थिर व्होल्टेज) आला तरी सिग्नल कापला जाऊ नये.' आता तयार मॉड्यूल वापरलं तरी काम उरतंच. प्रत्येक वाक्य मोजून दाखवावं लागतं, आणि मोजायला बसलं की पहिल्या फेरीत बहुतेक दावे पडतात. शिकणं सुरू होतं ते तिथून. माझा सगळा सल्ला या एका गोष्टीभोवती आहे: उपकरण लहान ठेवा, पुराव्याला जास्त वेळ द्या. सेमिस्टरचा किमान एक तृतीयांश भाग केवळ चाचणी आणि दुरुस्तीसाठी राखून ठेवता येत नसेल, तर विषय मोठा झाला आहे असं समजा.

आधी एक घोळ दूर करतो. समस्याधारित आणि प्रकल्पाधारित शिक्षण हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. पहिली पद्धत वैद्यकीय शिक्षणातून आली. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने १९६९ मध्ये ती सुरू केली, आणि तिथे छोट्या गटाने एखाद्या रुग्णाच्या समस्येवरून 'आपल्याला काय माहीत नाही' हे शोधणं अपेक्षित असतं. दुसरीचं ठळक उदाहरण म्हणजे डेन्मार्कमधलं आल्बोर्ग विद्यापीठ. १९७४ मध्ये स्थापन झाल्यापासून तिथे सेमिस्टरचा मोठा भाग गटाच्या प्रकल्पाला दिला जातो. बायोमेडिकलला दोन्ही लागतात, पण क्रमाने: पहिले तीन आठवडे समस्येचे, नंतरचे प्रकल्पाचे. पहिल्या दिवशी सोल्डरिंग आयर्न हातात दिलं की समस्या शोधण्याचा भाग कायमचा निसटतो.

विषय निवडताना

तीन अटी लावा. दावा तपासायला लागणारं संदर्भ साधन तुमच्याच प्रयोगशाळेत हवं. उपकरण चुकलं तर कोणाला इजा होता कामा नये. आणि साखळीचा कच्चा नमुना, म्हणजे सेन्सरपासून आकड्यापर्यंतचा प्रवास, सेमिस्टरच्या मध्यापर्यंत एकदा तरी पूर्ण व्हायला हवा.

या चाळणीत मुलांचे आवडते विषय गळतात. सुई न टोचता रक्तशर्करा, कफशिवाय रक्तदाब, पल्स ऑक्सिमीटर. शेवटचा तर इतका सोपा दिसतो की शिक्षकही फसतात. बोटावर ६६० आणि ९४० नॅनोमीटरचे एलईडी, समोर फोटोडायोड, दोन्ही तरंगलांब्यांवर एसी (नाडीबरोबर बदलणाऱ्या) भागाला डीसी (स्थिर) भागाने भागायचं आणि त्या दोन भागाकारांचं गुणोत्तर काढायचं. त्याला आपण 'आर' म्हणू. मग कुठून तरी '११० वजा २५ गुणिले आर' हे सूत्र येतं आणि पडद्यावर ९७ टक्के झळकतं. हे सूत्र ढोबळ आहे. खरा संबंध प्रत्येक सेन्सरसाठी स्वयंसेवकांना नियंत्रित पद्धतीने कमी ऑक्सिजन देऊन, धमनीतल्या रक्ताच्या नमुन्यांशी ताडून बसवतात. पदवीच्या प्रयोगशाळेत ते होणार नाही आणि होऊही नये. निरोगी मुलांच्या बोटावर कोणतंही यंत्र ९६ ते ९९ दाखवेल, त्यामुळे चुकीचं यंत्रही बरोबर वाटतं. श्वास रोखून आकडा खाली आणायचे प्रयोग तर स्पष्ट शब्दांत बंद करा. विषय सोडायचाच नसेल तर दावा आकसून घ्या: फक्त नाडीचा दर, आणि 'आर'ची पुनरावृत्तिक्षमता (पुन्हा मोजल्यावर तोच आकडा येणं). बोटाच्या सिग्नलमध्ये एसी भाग डीसीच्या एक-दोन टक्क्यांच्या आसपास असतो. तेवढा बारीक भाग खोलीतल्या दिव्यांच्या गोंधळातून स्वच्छ बाहेर काढणं हे तिसऱ्या वर्षाला पुरेसं अवघड काम आहे.

चांगले विषय दिसायला साधे असतात. हृदयगती मापक, सिरिंज पंप, पकडीचा जोर मोजणारं साधन, इलेक्ट्रोडचा इम्पिडन्स (विद्युत अडथळा) मोजणारं सर्किट, उघड्या डेटाबेसवर ठोके ओळखणारा प्रोग्रॅम. यांपैकी तीन खाली उलगडून दाखवतो, कारण मुलं कुठे अडखळतात हे आधी माहीत असलं तरच शिक्षकाला वेळेवर योग्य प्रश्न विचारता येतो.

पहिले तीन आठवडे

गरजेचं वाक्य एका ठरावीक साच्यात लिहून घ्या: कोणती अडचण, कोणाची, आणि ती सुटली हे कोणत्या बदलावरून कळेल. त्यात उपाय येता कामा नये. 'नर्ससाठी ब्लूटूथ अलार्म हवा' ही गरज नव्हे. 'इलेक्ट्रोड सैल झाल्याने वाजणारे खोटे इशारे वॉर्डमधल्या नर्ससाठी कमी व्हावेत, जेणेकरून खऱ्या इशाऱ्याला लवकर प्रतिसाद मिळेल' ही गरज झाली. रुग्णालयात जाता आलं तर गटातल्या दोघांना दोन-दोन तासांच्या दोन भेटी पुरतात. नोंदी प्रक्रियेच्या घ्यायच्या. रुग्णाचं नाव, फोटो, केसपेपर काही नाही, आणि हे लेखी मान्य करून घ्यायचं. मुलांना थेट डॉक्टरांनाच भेटायचं असतं. त्यांना आधी उपकरण दुरुस्ती विभागातल्या तंत्रज्ञाकडे पाठवा. कोणती केबल किती वेळा तुटते, कोणता भाग साफ करताना खराब होतो, कोणता अलार्म लोक कायमचा बंद करून टाकतात, हे त्याच्याइतकं दुसरं कोणी सांगत नाही. भेट शक्यच नसेल तर निकालात काढलेलं एखादं उपकरण उघडून त्यातला प्रत्येक भाग तिथे का आहे हे लिहायला लावा.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी एका पानाचा तक्ता हवा: आवश्यकता, आकडा, सहनमर्यादा, तपासणीची पद्धत. 'अचूक', 'वापरायला सोपं', 'स्वस्त' हे शब्द आले की पान परत. चौथा रकाना भरता येत नसेल तर ती आवश्यकता खोडायची. यंत्राचं खोकं थ्रीडी प्रिंट करणारे गट 'निर्जंतुक करता येईल' असं हमखास लिहितात. पीएलए हे छपाईचं प्लास्टिक साधारण ६० अंशांना मऊ पडतं आणि ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) १२१ अंशांवर चालतो. चौथा रकाना भरायला बसलं की हे त्यांचं त्यांनाच कळतं.

चौथ्या आठवड्यात सुट्या भागांची मागणी गेलीच पाहिजे, आणि प्रत्येक आयसी किमान दुप्पट संख्येने. एक आयसी उलटी लावली जाणार हे गृहीत धरा. त्या एका आयसीची वाट पाहण्यात दोन आठवडे गेले की चाचणीचा वेळच खाल्ला जातो, आणि तोच सगळ्यांत मोलाचा आहे.

ईसीजी: टप्प्याटप्प्याने

आर लाट (ईसीजीतलं सगळ्यांत उंच टोक) साधारण १ मिलिव्होल्टची, पण इलेक्ट्रोडवरचा डीसी ऑफसेट ३०० मिलिव्होल्टपर्यंत जाऊ शकतो. हा एक आकडा सगळं डिझाईन ठरवतो. एडी६२० हा अँप्लिफायर घेतला तर गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) म्हणजे १ अधिक (४९.४ किलोओम भागिले गेन रेझिस्टर). ५.६ किलोओमला गेन ९.८ येतो. ९ व्होल्टच्या एका बॅटरीवर, मध्यबिंदू ४.५ व्होल्ट धरून, आऊटपुट दोन्ही बाजूंना साधारण ३.३ व्होल्ट हलू शकतं. ३०० मिलिव्होल्टचे २.९ व्होल्ट होतात, म्हणजे बसतं. पहिल्याच टप्प्यात गेन १०० ठेवणारे गट ३३ मिलिव्होल्टलाच अडकतात आणि 'कधी चालतं, कधी चालत नाही' अशी तक्रार घेऊन येतात. इथे एक बारीक मुद्दा कोणीच तपासत नाही: बॅटरी ७ व्होल्टवर उतरली की आऊटपुटची मोकळीक २.३ व्होल्टवर येते, आणि मग सर्किट २३५ मिलिव्होल्टपर्यंतच सहन करतं. म्हणून ऑफसेटची चाचणी उतरलेल्या बॅटरीवरही घ्यायला लावा.

तयार एडी८२३२ ईसीजी मॉड्यूल वापरणाऱ्या गटाला हाच प्रश्न उलटा विचारा. त्याच्या पहिल्या टप्प्याचा गेन १०० ठरलेला आहे आणि पुरवठा अवघा ३ व्होल्टच्या आसपास. तरीही ३०० मिलिव्होल्टचा ऑफसेट तो कसा पचवतो? उत्तर डेटाशीटमधल्या फीडबॅक रचनेत आहे: आऊटपुटचा मंद भाग परत आत नेऊन वजा केला जातो. हे ज्याने शोधून समजावलं, त्याने मॉड्यूल वापरलं म्हणून काही गमावलं नाही.

पहिल्या टप्प्यानंतर हाय-पास, म्हणजे मंद बदल अडवणारा फिल्टर. १ मायक्रोफॅरड आणि ३३० किलोओमला ०.४८ हर्ट्झ येतं, हृदयगतीसाठी ठीक. या कट-ऑफवर एसटी भागाचा (आर लाटेनंतरच्या सपाट भागाचा) आकार बिघडतो, तेव्हा एसटीबद्दल अवाक्षर नको. ०.०५ हर्ट्झवर गेलात तर टाइम कॉन्स्टंट ३.२ सेकंद होतो, आणि रुग्ण हलला की रेघ जागेवर यायला दहा-पंधरा सेकंद लागतात. हे दोन्ही मुलांना स्वतः करून पाहू द्या. पुढे ५० पट गेन आणि ४० हर्ट्झचा लो-पास (वेगवान बदल अडवणारा फिल्टर): ३९ किलोओम, ०.१ मायक्रोफॅरड. दुसऱ्या टप्प्याचा संदर्भ ४.५ व्होल्टच ठेवला तर ५ व्होल्टच्या एडीसीवर (सिग्नलचे आकडे करणाऱ्या भागावर) आर लाटेचं डोकं सपाट होतं. हा टप्पा मायक्रोकंट्रोलरच्याच ५ व्होल्टवर, रेल-टू-रेल (पुरवठ्याच्या दोन्ही टोकांपर्यंत जाऊ शकणाऱ्या) ऑप-अँपने चालवा आणि संदर्भ २.५ व्होल्टला आणा. एडीसीची पिनही सुरक्षित राहते.

माणसाला इलेक्ट्रोड लावणं ही शेवटची पायरी. आधी फंक्शन जनरेटरचा १ व्होल्ट, १०० किलोओम आणि १०० ओमच्या विभाजकातून जवळपास १ मिलिव्होल्ट करून द्या. प्रत्येक टप्प्याचा गेन ०.१ ते २०० हर्ट्झमध्ये मोजून आलेख काढा. मग दोन्ही इनपुट एकत्र जोडून १ व्होल्टचा, वीजपुरवठ्याच्या वारंवारतेचा सिग्नल द्या आणि पहिल्या टप्प्याचं आऊटपुट मोजा. ५ मिलिव्होल्ट आले तर कॉमन-मोड गेन (दोन्ही इनपुटवर सारख्याच येणाऱ्या सिग्नलचा गेन) ०.००५, म्हणजे सीएमआरआर (हव्या सिग्नलच्या गेनचं त्याच्याशी गुणोत्तर) सुमारे ६६ डेसिबल. त्यानंतर एका वायरमध्ये ५१ किलोओम आणि त्याला समांतर ४७ नॅनोफॅरड घालून तीच चाचणी पुन्हा करा. डेटाशीटवरचे १०० डेसिबल प्रत्यक्षात कुठे जातात ते इथे दिसतं. त्यानंतर ईसीजी सिम्युलेटर, आणि मग परवानगी घेऊन माणूस.

नेहमी येणाऱ्या बिघाडांपैकी चार सांगून ठेवतो. पहिला: तिसरा इलेक्ट्रोड नाही, किंवा इनपुटला कपॅसिटर लावले पण सर्किटच्या ग्राउंडकडे जाणारा रेझिस्टर नाही. अँप्लिफायरच्या बायस करंटला (इनपुटमधून वाहणाऱ्या अगदी लहान प्रवाहाला) परतीची वाट मिळत नाही आणि आऊटपुट काही क्षणांत एका टोकाला जाऊन चिकटतं. दुसरा: सुट्या ऑप-अँपनी बनवलेला डिफरन्स अँप्लिफायर. १ टक्का रेझिस्टर वापरून एकपट गेनवर वाईटात वाईट सीएमआरआर ३४ डेसिबल मिळतो, ०.१ टक्क्यावर ५४. मुलं इथे ऑप-अँप बदलत बसतात, आणि दोष रेझिस्टरच्या जुळणीत असतो. तिसरा: मेन्सचा (वीजपुरवठ्याचा) हस्तक्षेप दिसला की लगेच नॉच फिल्टर (फक्त तेवढीच वारंवारता काढणारा). नॉच कारण झाकून टाकतो. आधी इलेक्ट्रोड नवे लावा, केबल एकत्र पिळा, ड्रिव्हन राइट लेग (कॉमन-मोड सिग्नल उलटा करून उजव्या पायाच्या इलेक्ट्रोडवर देणारं सर्किट) जोडा. मग गरज उरते का बघा.

चौथा बिघाड सगळ्यांत शिकवणारा आहे, कारण तो दिसत नाही. कोडमध्ये सॅम्पलिंग २५० हर्ट्झ लिहिलेलं असतं आणि प्रत्येक नमुना सीरियल पोर्टवर ९६०० बॉडने छापला जातो. ९६०० बॉड म्हणजे सेकंदाला ९६० बाइट. तीन अंकी आकडा आणि ओळ संपल्याची दोन चिन्हं मिळून ५ बाइट. म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त १९२ नमुने. बफर भरला की प्रोग्रॅम तिथेच थांबतो. खरं सॅम्पलिंग १९२, हिशेबात २५०: ६० ठोक्यांच्या हृदयाला यंत्र ७८ सांगतं. रेघ मात्र अगदी सुंदर दिसते! पडद्यावरच्या रेघेला गुण का द्यायचे नाहीत याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. उपाय: टायमर इंटरप्टने सॅम्पलिंग, ११५२०० बॉड, आणि प्रत्येक सॅम्पलला एक पिन वर-खाली करून ऑसिलोस्कोपवर खरी वारंवारता मोजणं.

सुरक्षितता

माणसाला जोडलेलं सर्किट फक्त बॅटरीवर. लॅपटॉप चार्जरला नाही. आणि मुलं विसरतात ते हे: लॅपटॉप बॅटरीवर आहे, पण त्याच वेळी सर्किटला मेन्सवरचा ऑसिलोस्कोप लावला आहे, तर प्रोबच्या ग्राउंड तारेतून सर्किट मेन्सला जोडलं गेलं, विलगीकरण गेलं. माणूस जोडलेला असताना मेन्सवरचं कोणतंही उपकरण नको. फारच गरज असेल तर योग्य दर्जाचं यूएसबी विलगीकरण.

प्रत्येक इलेक्ट्रोडच्या मालिकेत १०० किलोओम. ९ व्होल्टची बॅटरी बिघाडामुळे थेट दोन इलेक्ट्रोडांवर आली तरी २०० किलोओममधून ४५ मायक्रोअँपिअर जातील. वैद्यकीय विद्युत उपकरणांच्या सुरक्षिततेच्या आयईसी ६०६०१-१ या मानकात बीएफ प्रकारच्या (शरीराला लागणाऱ्या, विलग केलेल्या) जोडणीसाठी एका बिघाडाच्या स्थितीत डीसी गळतीची मर्यादा ५० मायक्रोअँपिअर आहे. एसीला ती ५०० आहे. डीसीची कडक मर्यादा मुलं हमखास चुकवतात. या रेझिस्टरची किंमतही मोजायला लावा. त्यांचा औष्णिक गोंगाट १५० हर्ट्झच्या पट्ट्यात सुमारे ०.७ मायक्रोव्होल्ट, म्हणजे नगण्य. पण दोन रेझिस्टर जुळले नाहीत तर केबलच्या २०० पिकोफॅरडबरोबर ते सीएमआरआर खातात: १ टक्का रेझिस्टरला ५० हर्ट्झवर वाईटात वाईट ७८ डेसिबल उरतात, ५ टक्क्यांना ६४. सुरक्षिततेचा निर्णय सिग्नलच्या दर्जाला कसा भिडतो हे याहून स्वच्छ दाखवता येत नाही.

जोखमीचा तक्ता आयएसओ १४९७१ या जोखीम-व्यवस्थापनाच्या मानकाच्या क्रमाने लिहून घ्या: धोका, घटनाक्रम, धोकादायक परिस्थिती, इजा. 'बॅटरी संपली' हा धोका नव्हे, ती घटनाक्रमातली एक पायरी. ती कोणाला, कशी इजा करते इथपर्यंत साखळी गेलीच पाहिजे. स्वयंसेवक होण्याचा गुणांशी संबंध ठेवू नका. विद्यार्थी शिक्षकाला 'नाही' म्हणायला कचरतो. नीतिमत्ता समितीची परवानगी लागते का हे पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवा. आणि कोणाच्या रेघेत काही वेगळं दिसलं तर गटाने निदान करायचं नाही. शिक्षकाने त्या विद्यार्थ्याला एकट्याला बोलावून डॉक्टरांकडे जायला सांगायचं.

सिरिंज पंप

यांत्रिकीकडे ओढा असलेल्या मुलांसाठी हा विषय मला फार आवडतो, कारण इथे पुरावा तराजूवर मिळतो. स्टेपर मोटर २०० पावलांची, सोळा भागांत तोडलेली, म्हणजे एका फेऱ्याला ३२०० सूक्ष्म पावलं. एम८ दांड्याचा पिच १.२५ मिलिमीटर. १० मिलिलिटर सिरिंजचा आतला व्यास १४.५ मिलिमीटर धरला तर क्षेत्रफळ १६५ चौरस मिलिमीटर, आणि एका सूक्ष्म पावलाला ६४.५ नॅनोलिटर. ताशी ५ मिलिलिटरसाठी सेकंदाला साधारण २१.५ पावलं.

कागदावर सगळं बरोबर येतं. मग दुसऱ्या कंपनीची १५ मिलिमीटर व्यासाची सिरिंज लावायला सांगा. कोड तोच, प्रवाह ७ टक्के जास्त. खऱ्या पंपात सिरिंजचा प्रकार निवडणं सक्तीचं का असतं हे वेगळं शिकवावं लागत नाही. दांडा आणि नटमध्ये ०.२ मिलिमीटर ढील असेल तर या वेगाला दट्ट्या हलायला सुमारे २४ सेकंद उशीर. रबरी बूच दबण्याचा आणि घर्षण सुटण्याचा वेळ त्याहून वेगळा. कमी वेगाला दट्ट्या अडखळत पुढे जातो, म्हणून तासाची सरासरी बरोबर आणि मिनिटाचा प्रवाह चुकीचा, असं होतं. नळी दाबून धरा: मोटर पावलं चुकवते, आणि पडद्यावर दिलेल्या औषधाचा आकडा वाढतच राहतो. रुग्णाला काहीच मिळत नसताना यंत्र 'दिलं' म्हणतं. अडथळ्याच्या इशाऱ्याची आवश्यकता हे पाहिल्यावर मुलं स्वतःच लिहून आणतात.

मोजमाप वजनाने. पाण्याची घनता २० अंशांना ०.९९८ ग्रॅम प्रति मिलिलिटर. भांड्यात वर तेलाचा पातळ थर, नाहीतर बाष्पीभवन हिशेब बिघडवतं. नळीचं टोक पाण्यात बुडालेलं हवं, कारण थेंब पडत असेल तर आकडे थेंबाच्या उड्यांनी वाढतात. ०.०१ ग्रॅमचा तराजू तासाभराच्या ५ ग्रॅमला पुरतो, ०.२ टक्के. पण दर ३० सेकंदांचा प्रवाह हवा असेल तर त्या वेळात फक्त ४२ मिलिग्रॅम पडतं. या तराजूची चार घरं. तिथे ०.००१ ग्रॅमचा लागेल. उपलब्ध तराजू दाव्याची मर्यादा ठरवतो, आणि हे तिसऱ्या आठवड्यात कळायला हवं, बाराव्यात नाही.

सॉफ्टवेअरचा प्रकल्प घेतलात तर

एमआयटी-बीआयएच अऱ्हिदमिया या अनियमित ठोक्यांच्या ईसीजीच्या उघड्या डेटाबेसमध्ये ४८ नोंदी आहेत, प्रत्येकी अर्ध्या तासाची, ३६० हर्ट्झवर घेतलेली, ४७ व्यक्तींची. ४८ आणि ४७ मधला फरक लक्षात घ्या: २०१ आणि २०२ एकाच व्यक्तीच्या आहेत. मुलं सगळे ठोके एकत्र मिसळून प्रोग्रॅमला शिकवायला ८० आणि तपासायला २० टक्के असे वाटतात आणि ९९ टक्के अचूकता आणतात. एकाच माणसाचे ठोके दोन्हीकडे गेले. प्रोग्रॅमने माणूस ओळखला, आजार नाही. नियम घालून द्या: विभागणी व्यक्तीनुसार, प्रत्येक प्रकारच्या ठोक्याची संवेदनशीलता (त्या प्रकारच्या खऱ्या ठोक्यांपैकी किती पकडले) वेगळी लिहायची, आणि नेहमी 'सामान्य' म्हणणाऱ्या प्रोग्रॅमचा आकडा शेजारी द्यायचा. आकडा पडतो, गट हिरमुसतो. पडलेला आकडा का पडला हे समजावणारा अहवाल पूर्ण गुणांचा आहे, हे आधीच सांगून ठेवा.

पुरावा कसा असावा

दहावा ते तेरावा आठवडा फक्त यासाठी. दोन सांख्यिकी गोष्टी पुरेशा आहेत, पण त्या पक्क्या हव्यात. दोन यंत्रांची तुलना सहसंबंध गुणांकाने करायची नाही. नेहमी १० ठोके जास्त दाखवणाऱ्या यंत्राचाही सहसंबंध १ येतो. ब्लँड आणि ऑल्टमन यांनी १९८६ मध्ये मांडलेली पद्धत वापरा: आडव्या अक्षावर दोन मापनांची सरासरी, उभ्यावर फरक, आणि सरासरी फरक अधिक-उणे १.९६ प्रमाण विचलन. त्या मर्यादा आवश्यकतेच्या आकड्यात बसतात का, एवढाच प्रश्न.

दुसरी गोष्ट चाचण्यांच्या संख्येची. 'इशारा तीनदा वाजवून पाहिला, तिन्हीदा वाजला' यावरून फारसं काही कळत नाही. ९५ टक्के विश्वासाने 'किमान ९५ टक्के वेळा वाजतो' म्हणायचं तर एकही अपयश न येता ५९ चाचण्या लागतात, कारण ०.९५ चा ५९ वा घात ०.०५ च्या खाली जातो. ९० टक्के वेळांचा दावा असेल तर २९ पुरतात. इलेक्ट्रोड ५९ वेळा काढायचा कंटाळा येतो, मग गट रिले लावून चाचणी स्वयंचलित करतो. ते काम प्रकल्पाइतकंच मोलाचं आहे.

गुण

मी अशी वाटणी सुचवेन: आवश्यकतांचा तक्ता १५, जोखीम आणि सुरक्षितता १०, पडताळणी अहवाल ३०, कामाची वही १०, एकट्याने बिघाड शोधणं २०, तोंडी परीक्षा १५. प्रात्यक्षिकाला वेगळे गुण नाहीत. ते अहवाल स्वीकारण्याची अट आहे. वही तारीखवार, शाईने, खाडाखोड न लपवता. दर आठवड्याला शिक्षकाची सही, म्हणजे शेवटच्या रात्री लिहिली जात नाही.

बिघाड शोधण्याची परीक्षा हा गटाच्या आड लपणाऱ्या विद्यार्थ्यावरचा सगळ्यांत न्याय्य उपाय आहे. गटाच्याच सर्किटमध्ये शिक्षकाने एक दोष घालायचा आणि प्रत्येकाला एकट्याला २० मिनिटं द्यायची. गेन रेझिस्टर ५.६ किलोऐवजी ५६० ओम, म्हणजे गेन ८९. हाय-पासचा कपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरड, म्हणजे कट-ऑफ ४.८ हर्ट्झ आणि टी लाट (आर लाटेनंतरची मंद लाट) जवळपास गायब. बॉड ९६००. बायसचा रेझिस्टर उपसलेला. दोष सापडला नाही तरी चालेल; कुठे मोजलं, काय अपेक्षित होतं, काय मिळालं, पुढे काय वगळलं हे लिहिलेलं असलं की निम्म्याहून जास्त गुण मिळाले पाहिजेत.

गट चारचा ठेवा. पाचवा बहुतेकदा फक्त स्लाइड बनवतो. एका शिक्षकाकडे सहापेक्षा जास्त गट दिले तर आठवड्याच्या भेटी नावापुरत्या उरतात. व्याख्यानं बंद करू नका, ती वेळेवर आणा: सीएमआरआरवरची वीस मिनिटं ज्या आठवड्यात मेन्सचा हस्तक्षेप सगळ्यांच्या पडद्यावर आहे त्याच आठवड्यात, सांख्यिकी दहाव्यात.

शेवटी कागदपत्रांबद्दल. प्रत्येक गटाची फाइल, म्हणजे आवश्यकता, सर्किट, कोड, चाचणीचे कच्चे आकडे, जपून ठेवा आणि पुढच्या वर्षीच्या गटाला पहिल्या आठवड्यात त्यातली एक चाचणी फाइल वाचून जशीच्या तशी करायला सांगा. आकडे जुळले नाहीत तर फाइलमध्ये काय लिहायचं राहिलं, हे नव्या गटाने एका पानात लिहून आपल्या वहीच्या पहिल्या पानावर लावायचं.